लकव्यानंतरही मैफल सोडली नाही: उस्ताद बडे गुलाम अली खाँ

प्रताप नगर, नागपूर: घरात कुणाला लकवा मारला की आपण त्यांना कोपऱ्यातल्या पलंगावर ठेवतो आणि आता आराम करा म्हणतो. उस्ताद बडे गुलाम अली खाँ साहेबांनी असा आराम मान्य केला नाही.

1902 साली कसूरला जन्म. सुरुवातीला ते सारंगी वाजवायचे, पुढे गाण्यात नाव झालं. फाळणीनंतर काही काळ पाकिस्तानात राहिले, पण परतले. मोरारजी देसाईंच्या मदतीने 1957 मध्ये भारताचं नागरिकत्व मिळालं, आणि मुंबईत मलबार हिलवर राहायला घर. 1960 च्या ‘मुघल-ए-आझम’मधला त्यांचा आवाज तर आपल्या घराघरात पोचलाय.

मग लकवा आला. शरीराचा काही भाग निकामी झाला. गवयासाठी हे किती अवघड! लकव्यात श्वास, जीभ, ओठ यांवरचा ताबा जाऊ शकतो. गळा तोच, पण दम कुठं घ्यायचा, तान किती खेचायची, हे पुन्हा नव्याने बसवावं लागतं. त्यात खाँ साहेब गाताना स्वतःच स्वरमंडल छेडायचे, म्हणजे हातही हवा.

तरी ते लोकांसमोर गात राहिले. सोबतीला मुलगा, उस्ताद मुनव्वर अली खाँ. ज्याला शिकवलं त्याचाच आधार घ्यायला बापाला कमीपणा वाटला नाही. मला यातच त्यांचा मोठेपणा दिसतो, पुरस्कारांत नाही. (पद्मभूषण 1962 मध्ये मिळालं होतंच.)

एप्रिल 1968 मध्ये हैदराबादला त्यांचा इंतकाल झाला. तोवर बाप-लेक एकत्र गात होते.