प्राचार्य बाबासाहेब

तळेगाव दाभाडे येथील बाबासाहेबांचा बंगला आपल्या मावळात सर्वांना ठाऊक आहे. देहूरोडच्या विहारात 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांच्या हस्ते बुद्धमूर्ती बसली, हेही आपण मुलांना सांगतो. पण परमपूज्य बाबासाहेब प्राध्यापक होते, प्राचार्य होते, हे सांगायचं राहून जातं.

1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवू लागले. प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावलेला तिथल्या काहींना खपत नव्हता. 1935 साली तेच बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1938 पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळी वर्ग भरत. धम्मदीक्षेच्या दहा वर्षं आधीच कॉलेजला तथागतांचं नाव लागलं होतं! 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दुसरं कॉलेज सुरू झालं. त्याला मिलिंद हे नाव दिलं. मिलिंद म्हणजे भन्ते नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा.

आमची काही मुलं दहावी झाली की लोणावळ्यात हॉटेलात, चिक्कीच्या दुकानात कामाला लागतात. घरची अडचण आम्हाला कळते. पण काम धरलं म्हणून पुस्तक सोडू नका, बाळांनो. तुमच्यासाठीच ते सकाळचे वर्ग होते.

या प्राचार्यांना आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन. जयभीम!