कानस घेऊन कॅम घासत बसणाऱ्या न्यूझीलंडच्या आजोबांनी ४७ वर्षं जुनी गाडी ताशी २९६ किलोमीटरनं पळवली

धरणगाव ते जळगाव अंतर साधारण तीस-पस्तीस किलोमीटर. एसटीनं गेलात तर पाऊण-एक तास धरून चालायचं. बुलेट असेल आणि मध्ये चहाला थांबला नाहीत, तर थोडं आधी पोचाल.

आता विचार करा, हेच अंतर सात मिनिटांच्या आसपास कापू शकेल अशी एक मोटारसायकल आहे. ती कुठल्या शोरूममधली सुपरबाईक नाही. ती १९२० सालची आहे. आणि ज्या दिवशी तिनं हा वेग गाठला, त्या दिवशी तिच्यावर बसलेला माणूस ६८ वर्षांचा होता. हृदयाचा त्रास असलेला.

त्या माणसाचं नाव बर्ट मन्रो.

गाडीचं नाव इंडियन. इथंच पुष्कळ जणांचा गैरसमज होतो. २००५ मध्ये या माणसावर द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन नावाचा सिनेमा आला तेव्हा आपल्याकडं अनेकांना वाटलं, चला, कुणीतरी भारतीय माणूस असेल. पण इंडियन ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची मोटारसायकल कंपनी. तिचा भारताशी संबंध नाही, नाव तिथल्या मूळ रहिवाशांवरून आलेलं. आणि बर्ट होता न्यूझीलंडचा.

तर गोष्ट सुरू होते २५ मार्च १८९९ ला, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या इनव्हरकार्गिल गावात. बर्टसोबत त्याची जुळी बहीण जन्माला आली, पण ती वाचली नाही. डॉक्टरांनी सांगितलं की हा पोरगाही दोन वर्षांच्या पुढं जाणार नाही.

पोरगा जगला. घर शेतकऱ्याचं. जवळच्या एडनडेल गावात शेती होती. आपल्याकडं जसं शेतकऱ्याच्या पोरानं शेतीच बघावी अशी बापाची अपेक्षा असते, तसंच तिकडंही होतं. पण याचं लक्ष वेगात. शेतावरच्या घोड्यांत जो सगळ्यात जोरात पळायचा, त्याच्यावर हा बसायचा, आणि घरच्यांना ते अजिबात आवडायचं नाही.

घोड्यावरून तो मोटारसायकलवर आला. १९१५ मध्ये पहिली गाडी घेतली, डग्लस कंपनीची. मग क्लायनो. आणि १९२० मध्ये त्यानं ती गाडी घेतली जी आयुष्यभर त्याच्याजवळ राहिली, इंडियन स्काउट.

ही स्काउट होती ६०० सीसीची व्ही-ट्विन. म्हणजे काय? बुलेटला एक सिलेंडर असतो. व्ही-ट्विनला दोन असतात, आणि ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके बसवलेले असतात. हार्ले डेव्हिडसनचा तो थांबत थांबत येणारा धडधडता आवाज याच रचनेमुळं येतो. शोरूममधून बाहेर आली तेव्हा बर्टची स्काउट जास्तीत जास्त ताशी ८९ किलोमीटर पळायची. त्या काळच्या रस्त्यांना एवढा वेग पुरेसा होता, पण बर्टचं त्यात समाधान होईना.

१९२६ च्या सुमारास त्यानं इंजिन उघडलं. पुढची पन्नास वर्षं ते इंजिन कायमचं बंद झालं असं कधी झालंच नाही.

आता त्यानं नक्की काय केलं हे समजून घ्यायचं तर आधी एक भाग कळायला हवा. कॅम.

इंजिनला श्वास घ्यावा लागतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो, जळलेला धूर बाहेर सोडणारा दुसरा. हे दोन दरवाजे उघडायचं काम कॅम करतो. अंड्यासारखा एका बाजूला फुगलेला लोखंडी तुकडा गोल फिरतो. फुगीर भाग वर आला की दरवाजा उघडतो, पुढं सरकला की स्प्रिंग तो बंद करते.

म्हणजे दरवाजा कधी उघडायचा, किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळं त्या फुगीर भागाच्या आकारावर ठरतं. इंजिनचा स्वभाव तिथं लिहिलेला असतो.

सोपं उदाहरण घ्या. एसटी स्टँडवर लागली आहे. गर्दी कमी असेल तर दरवाजा थोडा वेळ उघडला तरी सगळे आत बसतात. पण बाजाराचा दिवस असेल, मागून रेटा असेल, तर दरवाजा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. जागा भरली तरी रेट्यानं आणखी चार जण आत शिरतात. इंजिनचंही असंच. जोरात फिरणाऱ्या इंजिनात हवा वेगानं येत असते, त्या रेट्याचा फायदा घ्यायचा तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा हवा.

मग कायम जास्त वेळच का उघडा ठेवू नये? कारण इंजिन हळू फिरत असताना मागून रेटा नसतो. पिस्टन वर यायला लागतो आणि दरवाजा अजून उघडाच असतो. आत आलेलं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं. गाडी खालच्या वेगात मरगळते, उभी असताना झटके देते, बंद पडते.

थोडक्यात, कॅम बदलून वरचा वेग मिळवला की खालची ताकद थोडी सोडावी लागते. दोन्ही पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत.

स्काउटमध्ये आणखी एक अडचण होती. मूळ इंजिनात कॅम दोनच. एका सिलेंडरला एक. त्याच एका कॅमवर आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह चालायचे. म्हणजे एकाची वेळ बदलली की दुसऱ्याचीही बदलणार. यावर बर्टनं उपाय काढला तो म्हणजे चार कॅमची रचना. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःचा कॅम. आता कुठला दरवाजा कधी उघडायचा हे तो वेगवेगळं ठरवू शकत होता. पुढं त्यानं व्हॉल्व्हसुद्धा सिलेंडरच्या बाजूवरून उचलून डोक्यावर नेले, म्हणजे हवेला सरळ वाट मिळाली.

आज मोठ्या व्ही-ट्विनसाठी कॅम घ्यायचा तर कॅटलॉग उघडायचा, आकडे बघायचे, ऑर्डर टाकायची. बर्टकडं कॅटलॉग नव्हता आणि पैसेही नव्हते. तो कॅम हातानं बनवायचा. लोखंड कापायचं आणि कानस घेऊन घासत बसायचं. मापायला लागणारं मायक्रोमीटर म्हणून तो चाकाची जुनी तार वापरायचा. पिस्टन ओतायला साचा कसला, तर जुने पत्र्याचे डबे. बॅरल, फ्लायव्हील, कॅम, त्यांच्यावर चालणारे फॉलोअर, जे जे लागेल ते घरी तयार व्हायचं.

मग गाडी घेऊन ओरेटीच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचं आणि पळवायची. काहीतरी तुटायचं. परत यायचं, उघडायचं, पुन्हा बनवायचं.

यातही एक गणित आहे. व्हॉल्व्ह जास्त उघडायला लावला की तो पिस्टनच्या जवळ जातो. अंतर चुकलं तर दोघांची टक्कर होते आणि इंजिन खलास. इंजिन जोरात फिरवायचं तर व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक हवी, नाहीतर व्हॉल्व्ह वेळेत बंदच होत नाही. स्प्रिंग कडक केली की कॅमची झीज वाढते. ताकद वाढली की कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. एक भाग बदलला की त्याच्या शेजारचा भाग बदलावा लागतो. बर्टची निम्मी हयात या साखळीत गेली.

फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड त्यानं टाकून दिले नाहीत. गॅरेजमधल्या फळीवर मांडून ठेवले, आणि वर पाटी लावली. हे सगळं वेगाच्या देवाला वाहिलेलं आहे, अशा अर्थाची.

पण त्या देवाला फक्त लोखंडच वाहिलं गेलं नाही.

१९२७ मध्ये बर्टचं लग्न झालं. बायकोचं नाव बेरिल. चार मुलं झाली, एक मुलगा आणि तीन मुली. बर्ट मोटारसायकली विकायचा, दुरुस्त करायचा, आणि उरलेला वेळ स्वतःच्या गाडीला द्यायचा. हा उरलेला वेळ वाढत गेला, रात्री त्यात जाऊ लागल्या. १९४७ मध्ये नवरा-बायको वेगळे झाले. पुढं त्यानं नोकरीही सोडली आणि तो गॅरेजमध्येच राहू लागला. गाडी आणि अंथरूण एकाच छपराखाली.

सिनेमात हा एकटा राहणारा म्हातारा फार गोड दिसतो. त्या एकटेपणाच्या मागं एक मोडलेलं घर होतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. कॅमचा हिशेब इथंही लागू पडतो. एका टोकाला मिळवलं, दुसऱ्या टोकाला सोडलं.

विक्रम मात्र होत गेले. १९४० मध्ये त्यानं ताशी १९४ किलोमीटरचा न्यूझीलंडचा विक्रम केला. १९५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर ताशी २११ किलोमीटर. आता त्या देशात एवढ्या जोरात पळवायला लांब आणि सपाट जागाच उरली नव्हती.

अशी जागा अमेरिकेत होती. युटा राज्यातलं बॉनव्हिल. वाळलेल्या सरोवराचं मीठ मैलोनमैल पसरलेलं, नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं आणि सपाट. जगभरचे वेगवेडे तिथं विक्रम करायला जमतात.

बर्ट तिथं एकूण दहा वेळा गेला. पहिल्यांदा फक्त बघायला. त्यानंतर नऊ वेळा गाडी पळवायला. न्यूझीलंडहून पैसे जमवायचे, गाडी समुद्रापार न्यायची, पळवायची आणि परत यायचं.

१९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यानं ८५० सीसीपर्यंत वाढवलेल्या इंजिनवर ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मध्ये १००० सीसीच्या गटात ताशी २७० किलोमीटरचा. आणि १९६७ मध्ये, इंजिन ९५० सीसीचं करून, त्याच गटात ताशी २९५ किलोमीटरचा. पात्रता फेरीत तर एका दिशेनं तो ताशी ३०५ किलोमीटरच्या वर गेला होता. गाडीवर माशासारखं निमुळतं कवच, त्यात आडवा झालेला ६८ वर्षांचा माणूस, आणि खाली ४७ वर्षं जुन्या गाडीचं इंजिन.

बॉनव्हिलला बर्टचा कॅम का चालला, हे नीट बघा. तिथं सिग्नल नाही, घाट नाही, मागं बसलेली माणसं नाहीत, बैलगाडीच्या मागं दुसऱ्या गिअरवर चालायचं नाही. सरळ रेषेत, पूर्ण ताकदीनं पळायचं, बस. खालच्या वेगात गाडी रडली तरी फरक पडत नाही. त्याला फक्त एक टोक हवं होतं, आणि त्या टोकासाठी त्यानं बाकी सगळं सोडलं.

रस्त्यावरच्या माणसाचं तसं नसतं. मोठी व्ही-ट्विन रोज चालवणारा माणूस बहुतेक वेळ इंजिन दोन ते साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपासच फिरवत असतो. त्यानं नुसता सगळ्यात मोठा आकडा बघून कॅम बसवला, तर गाडी ज्या वेगात जास्त चालते तिथंच मरगळते. म्हणून जाणता मेकॅनिक कॅम सुचवण्याआधी विचारतो की गाडी कुठं चालवता, किती वजन असतं, आणि कॉम्प्रेशन, इंधनाचं ट्यूनिंग, सायलेन्सर हेही बदलायची तयारी आहे का. रोजच्या वापराला व्हॉल्व्ह बेताचा वेळ उघडा ठेवणारा, खालून ताकद देणारा कॅमच बरा पडतो.

१९६७ नंतर बर्टचं शरीर थकत गेलं. हृदयाचं दुखणं जुनंच होतं. १९७७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. हातात आता कानस धरता येणार नाही हे कळल्यावर त्यानं आपल्या गाड्या गावातल्याच एका व्यावसायिकाला विकल्या, म्हणजे त्या इनव्हरकार्गिलमध्येच राहतील. ६ जानेवारी १९७८ ला, ७८ व्या वर्षी, बर्ट गेला. दोन वर्षं जगणार नाही असं ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तोच हा.

ती स्काउट आजही इनव्हरकार्गिलमध्ये ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात ठेवलेली आहे. खिळे-पाने घ्यायला आलेले लोक तिच्यासमोर थांबतात.

या गोष्टीचा शेवट मात्र २०१४ चा आहे. बर्टचा मुलगा जॉन जुने आकडे बघत होता. १९६७ च्या विक्रमाची आकडेमोड चुकली आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं अमेरिकन मोटारसायकल संघटनेला ते दाखवलं. संघटनेनं हिशेब तपासला आणि मान्य केलं. विक्रम २९५ वरून ताशी २९६.२६ किलोमीटर झाला.

जेमतेम एका किलोमीटरचा फरक. ज्या गाडीनं बापाला घरातून गॅरेजात नेलं, त्याच गाडीचा हिशेब बाप गेल्यावर ३६ वर्षांनी मुलानं दुरुस्त केला.