सर्पदंशाच्या इंजेक्शनमधलं ‘फॅब’ म्हणजे काय? पपईच्या चिकाने कोडं सोडवणारे रॉडनी पोर्टर

सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा म्हटलं की नागपंचमी आठवते. पण शिराळा-वाळवा असो की शेजारच्या साताऱ्यातलं कराड-पाटण, इथं साप सणापुरता नसतो. उसाच्या फडात उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला साप चावला, तर त्याचा जीव वाचवणारं औषध एकच. गावाकडे त्याला ‘सापाची लस’ म्हणतात.

खरं तर ती लस नाही. लस शरीराला अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंडं तयार करायला शिकवते आणि त्याला दिवस-आठवडे लागतात. साप चावल्यावर एवढा वेळ कुठे असतो? म्हणून घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काढून घेतात आणि तीच रुग्णाला देतात. भारतातलं नेहमीचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं.

या औषधाच्या माहितीत एक विचित्र शब्द भेटतो, ‘एफ(एबी)२’. तो समजून घ्यायचा तर रॉडनी पोर्टर या इंग्रज शास्त्रज्ञाची गोष्ट माहीत हवी.

युद्धातून प्रयोगशाळेत

पोर्टर यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९१७ चा, इंग्लंडमधल्या न्यूटन-ले-विलोज या गावातला. लिव्हरपूल विद्यापीठात ते बायोकेमिस्ट्री शिकले. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. लष्करात भरती झालेले पोर्टर उत्तर आफ्रिका, सिसिली, इटली अशा आघाड्यांवर फिरले. युद्ध संपल्यावर ते केंब्रिजला गेले आणि फ्रेडरिक सँगर यांचे पहिले पीएचडी विद्यार्थी झाले. सँगर म्हणजे पुढे दोन वेळा नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ.

रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर यांचं पुस्तक पोर्टर यांनी वाचलं आणि एक प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. प्रतिपिंडं रासायनिकदृष्ट्या एकमेकांसारखीच दिसतात. मग एक प्रतिपिंड एकालाच कसं ओळखतं? दुसऱ्याला का नाही?

प्रतिपिंडाचा रेणू प्रचंड मोठा. त्या काळच्या साधनांनी तो अख्खा वाचणं शक्यच नव्हतं. पोर्टर यांनी ठरवलं की त्याचे तुकडे करायचे आणि काम कोणता तुकडा करतो ते बघायचं.

पपईचा चीक

मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्ची पपई लावतात. पपईच्या चिकातलं पपेन हे एन्झाइम मटणातली प्रथिनं तोडतं, म्हणून ते मऊ होतं. पोर्टर यांनी हेच पपेन सशाच्या प्रतिपिंडांवर वापरलं. १९५० च्या सुमाराला त्यांना एक छोटा तुकडा मिळाला, जो तुटल्यावरही आपल्या लक्ष्याला चिकटत होता. पण तेव्हाचं पपेन पुरेसं शुद्ध नव्हतं, त्यामुळे चित्र स्पष्ट होईना.

काही वर्षांनी लंडनच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत त्यांनी तोच प्रयोग शुद्ध पपेन घेऊन पुन्हा केला. या वेळी तीन तुकडे स्वच्छ वेगळे झाले. दोन जवळपास सारखे होते आणि लक्ष्याला चिकटत होते. तिसरा चिकटत नव्हता, पण त्याचे स्फटिक सहज बनत होते. हा शोधनिबंध १९५९ मध्ये आला.

चिकटणाऱ्या तुकड्यांना पुढे नाव पडलं ‘फॅब’, म्हणजे फ्रॅगमेंट, अँटिजेन बाइंडिंग. स्फटिक होणारा तुकडा ‘एफसी’, म्हणजे फ्रॅगमेंट, क्रिस्टलायझेबल.

बेचकी डोळ्यांसमोर आणा

प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखं, म्हणजे गलोलीच्या बेचकीसारखं असतं. वरच्या दोन फांद्या म्हणजे दोन फॅब. विषाला पकडतात त्या याच. खालची मूठ म्हणजे एफसी. ती शरीराच्या बाकीच्या संरक्षण यंत्रणेला कामाला लावते. पपेन दोन्ही फांद्या सुट्या करतं. आपल्या पोटात असणारं पेप्सिन मात्र जरा खाली वार करतं, त्यामुळे दोन्ही फांद्या एकमेकींना जोडलेल्याच राहतात. अल्फ्रेड निसोनॉफ यांनी १९६० मध्ये हे दाखवलं. हीच ती ‘एफ(एबी)२’.

पेप्सिन वापरून घोड्याचं सीरम शुद्ध करण्याची पद्धत १९३० च्या दशकात घटसर्पाच्या औषधासाठी आली होती. त्यात नेमकं काय कापलं जातं आणि काय उरतं, हे पोर्टर आणि त्यांच्यानंतरच्या संशोधनाने कळलं. घोड्याचं अख्खं प्रतिपिंड माणसाच्या शरीराला परकं वाटतं. मूठ काढली की त्रासाची शक्यता कमी होते आणि विष पकडायचं काम चालूच राहतं. धोका पूर्ण जात नाही. अॅलर्जीची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणूनच हे इंजेक्शन दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं असतं.

नोबेल आणि अखेर

१९६२ मध्ये पोर्टर यांनी प्रतिपिंडाचा आराखडा मांडला. दोन जड आणि दोन हलक्या अशा चार साखळ्या. अमेरिकेत गेराल्ड एडेलमन वेगळ्या वाटेने याच साखळ्यांपर्यंत पोहोचले होते. १९७२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. पोर्टर तोवर ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते. निवृत्ती तोंडावर आलेली असताना ६ सप्टेंबर १९८५ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

‘फॅब’ हा शब्द आज इतर औषधांतही दिसतो. हृदयरोगावरच्या डिगॉक्सिनची मात्रा जास्त झाली, तर त्याचा उतारा फॅबचाच असतो. अमेरिकेत रॅटलस्नेकच्या विषावर मेंढीच्या प्रतिपिंडांपासून काढलेले फॅब देतात.

फॅब विषाला पकडतं, पण विषाने आधीच केलेलं सगळं नुकसान ते भरून काढू शकत नाही. म्हणून साप चावल्यावर मांत्रिकाकडे घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता माणसाला सरळ जवळच्या दवाखान्यात न्या.