पांझरेपासून भद्रावतीपर्यंत

परदेशातून यंत्र विकत आणता येते. परंतु ते यंत्र चालविणारी, मोडल्यास दुरुस्त करणारी आणि उद्या त्याहून सरस यंत्र घडविणारी समाजव्यवस्था बोटीतून उतरवून घेता येत नाही. विकसनशील देशांतील तंत्रज्ञानाच्या चर्चेत हा भेद पुष्कळदा विसरला जातो. ज्यांनी तो आयुष्यभर ध्यानी ठेवला, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या उमेदवारीचा आरंभ खानदेशात झाला, ही गोष्ट धुळे-जळगावच्या सुशिक्षितांनी आवर्जून स्मरावी अशी आहे.

१८६१ साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे जन्मलेले विश्वेश्वरय्या लहानपणीच पितृछत्रास मुकले. शिकवण्या करून त्यांनी बंगलोरला पदवी घेतली, संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ साली सरकारी बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाल्यावर नाशिक व खानदेश हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे नळांच्या वक्रनलिकेतून पाणी नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यामुळे अडचणी उभ्या राहिल्या. काम पुढे ढकलावे ही त्यांची सूचना वरिष्ठांना रुचली नाही आणि अखेर तरुण अभियंत्याने ते पार पाडले. नदी पुस्तकाप्रमाणे वागत नाही, हा पहिला धडा त्यांना पांझरेने दिला.

याच पांझरेच्या खोऱ्यात फडपद्धती शतकानुशतके नांदत होती. बंधाऱ्याखालील शिवाराचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, दरवर्षी पिकांची जागा बदलावयाची आणि पाण्याचे वाटप गावाने नेमलेल्या पाटकऱ्याच्या हाती सोपवावयाचे, अशी ही व्यवस्था होय. पुढे १८९९ च्या सुमारास नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी गटपद्धती सुचविली. उसाला मनमानी पाणी दिल्यामुळे जमिनी पाणथळ होत होत्या. म्हणून लाभक्षेत्राचे गट पाडून त्यांत ऊस व इतर पिके आळीपाळीने घेण्याची ही योजना होती. तिचे फडपद्धतीशी असलेले साम्य नजरेतून सुटत नाही. नवे तंत्र जुन्या शहाणपणाशी जुळले की ते लवकर रुजते.

१९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे बसले. धरणाची भिंत न वाढविता जलसाठा वाढला आणि पूर येताच दरवाजे आपोआप उघडू लागले. या शोधाचे एकस्व त्यांनी घेतले; परंतु ज्या कामाचे आपण सरकारी वेतन घेतो, त्यावर स्वामित्वधन घेणे त्यांनी नाकारले. या वर्तनाची थोरवी गाताना त्यातील व्यवहार विसरू नये. एकस्वामुळे शोधाची रीतसर नोंद झाली आणि तो इतरांना वापरता आला. पुढे कृष्णराजसागरावरही असे दरवाजे बसले.

१८९८ साली त्यांनी जपान पाहिला होता. पाश्चात्त्यांची विद्या शिकून ती आपल्या कारखान्यांत उतरविणारे ते राष्ट्र त्यांच्या मनावर ठसले. १९१२ साली म्हैसूरचे दिवाण झाल्यावर त्यांनी बँक (१९१३), विद्यापीठ (१९१६) व अभियांत्रिकी महाविद्यालय (१९१७) यांची उभारणी केली. भांडवल, विद्या व कसबी माणसे यांवाचून उद्योग उभा राहत नाही, हे सूत्र त्यामागे होते. पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीला जाणारे म्हैसूरचे चंदन अडून पडले, तेव्हा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी तेल काढण्याची रीत बसविली आणि १९१६ साली संस्थानने कारखाना काढला. प्रयोगशाळेतील नळी बाजारातील बाटलीपर्यंत पोहोचविण्याचे असे उदाहरण त्या काळात विरळाच.

तथापि सारेच साधले असे नव्हे. १९२३ साली उत्पादन सुरू झालेला भद्रावतीचा लोखंड कारखाना दीर्घकाळ तोट्यात राहिला आणि दिवाणगिरी सोडलेल्या विश्वेश्वरय्यांना त्याची सूत्रे हाती घ्यावी लागली. सरकार कारखाना उभारू शकते, पण बाजारभाव त्याच्या आज्ञेत नसतो, हाही या चरित्राचाच धडा आहे. १९३४ साली नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिताना हा कडूगोड अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९५५ साली भारतरत्न लाभलेला हा कर्मयोगी १९६२ साली शतायुषी होऊन निवर्तला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी उगमाचे ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित केळीची रोपे जळगावच्या काळ्या मातीत रुजली, ती केवळ आयातीमुळे नव्हे. येथील पिकाला अनुरूप फेरबदल झाले आणि शेतकऱ्याला बांधावर सल्ला मिळाला म्हणून. मात्र महाविद्यालयांतील पुष्कळसे प्रबंध आजही कपाटांतच विसावतात. विद्वत्ता पुरेशी आहे. पांझरेच्या गाळात पाय घालण्याची तयारी आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.