पदव्या वीस, जेवणं दोन

नागपुरात कुठल्याही घरी पोरांच्या अभ्यासाचा विषय निघाला, की डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव येतंच. मुलगा पुस्तकाला हात लावत नसला की आई त्याला जिचकारांच्या वीस पदव्या ऐकवते. पण मैत्रिणींनो, आज त्यांच्याविषयी लिहायचंय ते वेगळ्याच कारणासाठी. आपल्यातल्या कितीतरी जणी वजन उतरवायला म्हणून दिवसातून दोनदाच जेवतात. त्याला सगळे ‘दीक्षित डाएट’ म्हणतात. त्याचं मूळ मात्र आपल्या या नागपूरकराच्या व्याख्यानात आहे, हे बऱ्याच जणींच्या गावीही नसतं.

विषय आत्ताच सुचला, कारण आमच्या भिशीत सध्या पावडरीचे डबे फिरताहेत. जेवणाऐवजी एक ग्लास शेक, सकाळी एक, रात्री एक. कंपनीचं नाव कशाला घेऊ, अशा कंपन्या पुष्कळ. एकीचं चार महिन्यांत अकरा किलो उतरलं, ब्लाउज आत घ्यावे लागले, सगळ्यांनी कौतुक केलं. डबा परवडेना म्हणून बंद केला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ब्लाउज पुन्हा सैल करायची वेळ आली. शिवण उसवताना ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. वजन उतरतं हो, पण ते उतरलेलं टिकवायचं कसं? हा प्रश्न मनात घेऊनच मी जिचकारांकडे बघते.

त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९५४ चा, काटोल तालुक्यातल्या शेतकरी घरातला. संत्र्याच्या बागांचा तो मुलूख. आधी एम.बी.बी.एस., मग एम.डी. एवढ्यावर कुणाही आईवडिलांचं समाधान झालं असतं, पण हा माणूस थांबेचना. एलएल.बी., एलएल.एम., एम.बी.ए., पत्रकारिता, आणि एम.ए. तर एकामागून एक: लोकप्रशासन, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, संस्कृत, इतिहास, इंग्रजी, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, मानसशास्त्र... शिवाय संस्कृतात डी.लिट. विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा झाली की हिवाळी, हिवाळी झाली की पुन्हा उन्हाळी. १९७३ ते १९९० या काळात त्यांनी ४२ परीक्षा दिल्या आणि २८ सुवर्णपदकं मिळवली असं सांगतात. देशातली सर्वाधिक पदव्या असलेली व्यक्ती म्हणून लिम्का बुकनंही नोंद घेतली. घरी पुस्तकं हजारोंनी. ती झटकायची कुणी, हा प्रश्न माझ्यातल्या गृहिणीला पडतोच!

मधल्या काळात आधी आय.पी.एस. झाले, राजीनामा दिला. मग आय.ए.एस. झाले, तीही नोकरी काही महिन्यांतच सोडली. ज्या खुर्चीसाठी पोरं दिल्लीत खोल्या घेऊन वर्षंच्या वर्षं घालवतात, ती यांनी सोडली ती निवडणुकीसाठी. १९८० मध्ये काटोलमधून आमदार झाले तेव्हा वय अवघं पंचवीस. पुढे विधान परिषद, राज्यमंत्रिपद (चौदा खाती एकट्याकडे), १९९२ ते १९९८ राज्यसभा. लोकसभेला मात्र यश आलं नाही. याच धावपळीत नागपुरात सांदीपनी शाळा काढली. चित्रं काढत, फोटो काढत, रंगमंचावर उभे राहत. दीक्षा घेऊन वैदिक यज्ञही केले. इतकं सगळं एका माणसाला का करावंसं वाटावं, हे कोडं मला उलगडलेलं नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी डॉक्टर होता तो होताच. शरीर कसं चालतं, हे साध्या मराठीत सांगायची त्यांना हौस होती. वजनावरचं त्यांचं व्याख्यान ध्वनिमुद्रित झालं, लोकांनी ते ऐकलं, एकमेकांना दिलं. त्यातला विचार इतका सोपा आहे की एम.डी. माणसानं तो सांगितलाय यावर विश्वास बसत नाही.

आपण काहीही खाल्लं, की शरीरात इन्सुलिन पाझरतं. ते रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवतं आणि जास्तीचं साठवून ठेवायला लावतं. घरातल्या धान्याच्या कोठीसारखं. इन्सुलिन चढलेलं असतं तोवर कोठीत फक्त भर पडते, आतलं बाहेर निघत नाही. दिवसातून आठ वेळा तोंड चाललं, तर कोठीतलं धान्य काढायची पाळी येणार कधी? म्हणून जिचकारांचं सांगणं असं, की खरी भूक कधी लागते ते आधी ओळखा, त्या दोन वेळा पोटभर जेवा आणि मधे काही खाऊ नका. काय खाऊ नये याची लांबलचक यादी नाही. वजन-काटा घेऊन भात मोजणं नाही. विकत आणायचं तर काहीच नाही.

२ जून २००४ ला कोंढाळीजवळ मोटार अपघातात ते गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. नागपूर हळहळलं, वर्तमानपत्रांनी पुन्हा एकदा पदव्या मोजल्या. जेवणाच्या विचाराची आठवण तेव्हा फारशी कुणाला झाली नसावी.

पण व्याख्यान मागे उरलं होतं. काही वर्षांनी ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ऐकलं. तेही डॉक्टर, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक, आणि स्वतःच्या वाढलेल्या वजनानं वैतागलेले. त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केला, तीन महिन्यांत आठ किलो उतरले, आणि मग गावोगाव व्याख्यानं सुरू केली. जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, मधे लागलंच तर पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं, असा आराखडा त्यांनी बसवला. २०१८ मध्ये तर ‘दर दोन तासांनी खा’ म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर आणि हे दीक्षित, असे घराघरांत दोन पक्षच पडले होते. आठवतंय ना? सासू एका पक्षात, सून दुसऱ्या. पण दीक्षित स्वतः श्रेय देतात ते जिचकारांनाच.

आता माझं मत. इन्सुलिनचं गणित ऐकायला छान वाटतं, पण जगभरातल्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर दोनदा जेवल्यामुळे काही जादू होते असं दिसत नाही. एकूण खाणं कमी होतं म्हणून वजन उतरतं. शेकनंही ते त्याचमुळे उतरतं, उलट जास्त झपाट्यानं. प्रश्न येतो तो नंतर. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जाड माणसांना दहा आठवडे जवळजवळ शेकवरच ठेवलं. सरासरी साडेतेरा किलो उतरले. २०११ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते वाचून मला त्या ब्लाउजवाल्या मैत्रिणीला फोन करावासा वाटला. वजन उतरल्याला वर्ष उलटलं तरी त्या लोकांच्या शरीरात भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेलीच होती आणि पोट भरल्याचा निरोप देणारी उतरलेली. म्हणजे शरीर गेलेले किलो परत मागत असतं. तिला सगळे म्हणाले, तोंडावर ताबा नाही. तसं नव्हतं ते.

आणि तरीही शेकला सरसकट नावं ठेवू नयेत. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या शेक-सूपवर ठेवून मोठी चाचणी झाली. वर्षाअखेर जवळजवळ निम्म्या लोकांना मधुमेहाच्या गोळ्या लागेनाशा झाल्या आणि साखर आटोक्यात राहिली. पण तिथे डबा संपला की माणसाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. काही आठवडे एकेक जेवण हळूहळू परत आणलं आणि पुढे दर महिन्याला कुणीतरी भेटून विचारपूस करत होतं. तरीसुद्धा दुसऱ्या वर्षी थोडं वजन परतलंच. आपल्याकडे डबा विकणारी बाई डबा संपला की दुसरा डबा विकते. विचारपूस तिथेच संपते.

जिचकारांच्या सांगण्यातली मला आवडलेली गोष्ट ही. त्याला ‘नंतर’ नाही. डबा संपत नाही, कारण डबाच नाही. पहिल्या दिवशी जे ताट, तेच तिसऱ्या वर्षी, आपल्याच घरचं वरण-भात, भाकरी, वांग्याची भाजी. जिला असं आयुष्यभर जेवणं झेपेल तिचं वजन टिकायची आशा जास्त. जिला झेपणार नाही, तिनं तीन वेळा थोडं थोडं जेवावं, त्यानंही चालतं.

एक मात्र त्या व्याख्यानाला सुचलं नसावं, ते बायकांनाच ठाऊक. पुरुषाला दोनदा जेवायचं म्हणजे दोनदा ताटावर बसायचं. आपलं तसं कुठे असतं? भाजीचं मीठ बघायला चमचाभर, डब्यातून परत आलेला अर्धा पराठा टाकवत नाही म्हणून, कुणी आलं तर त्याच्यासोबत चहा-चिवडा, आणि सगळ्यांचं झाल्यावर रात्री साडेदहाला पातेल्यातलं उरलंसुरलं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी वेगळीच. दिवसातून किती वेळा खातेस असं विचारलं तर आपण दोनदाच सांगतो, आणि खोटंही बोलत नसतो. आमच्या गल्लीतल्या एका सुनेनं हे ओळखलं. उरलेलं खायचं नाही, झाकून ठेवून सकाळी ज्याला हवं त्यानं खायचं, असं तिनं घरात जाहीर केलं, आणि संध्याकाळी साडेसातला सगळ्यांबरोबरच पान वाढून घ्यायला लागली. आठवडाभर सासूबाई बोलल्या नाहीत. दोन वर्षं झाली, नऊ किलो उतरले ते परत आलेले नाहीत.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू असेल, तर मात्र आपल्या मनानं जेवण कमी करू नका. साखर एकदम खाली येऊन चक्कर येते, कधी त्याहून वाईट होतं. डॉक्टर आधी औषध बदलून देतील, मग सुरू करा. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि अठराच्या आतली मुलगी यांनी यात पडूच नये. दहावीतल्या मुलीला जिचकारांच्या पदव्या जरूर ऐकवा, पण तिच्या डब्यातली पोळी काढून घेऊ नका.