स्पोर्ट्स कार हळू वळवताना टायर का थडथडतात? त्यासाठी आधी अ‍ॅकरमनला भेटा

समजा, समृद्धी महामार्गावरून एखादी महागडी स्पोर्ट्स कार शेलूबाजारच्या इंटरचेंजला खाली उतरली. जवळच्या पंपावर जागा कमी, म्हणून ड्रायव्हरने स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलं आणि गाडी अगदी बैलाच्या चालीने वळवायला घेतली. आणि काय होतं? पुढची चाकं थड-थड उडतात, टायर रस्त्यावर घासल्यासारखा आवाज येतो, स्टेअरिंगला हलके झटके बसतात. दोन कोटींची गाडी आणि वळते कशी, तर गंजलेल्या हातगाडीसारखी! बाजूला उभ्या असलेल्या दहा वर्षं जुन्या अल्टोला मात्र तोच वळसा लोण्यासारखा जमतो.

गाडी बिघडलेली नाही. ती मुद्दाम तशी बनवलेली आहे. का, ते समजून घ्यायचं तर एका पुस्तकविक्रेत्याची गोष्ट सांगावी लागेल. हो, पुस्तकविक्रेत्याचीच. स्टेअरिंगच्या ज्या नियमाला जगभरचे इंजिनिअर अ‍ॅकरमन म्हणतात, तो रुडॉल्फ अ‍ॅकरमन लंडनमध्ये चित्रं आणि पुस्तकं विकायचा. आणि तो नियम त्याने शोधलेलाही नव्हता.

जिनगराचा पोरगा

अ‍ॅकरमनचा जन्म २० एप्रिल १७६४ चा, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या श्टोलबर्ग गावचा. वडील जिनगर, म्हणजे घोड्यांची खोगिरं आणि चामड्याचा साज बनवणारे. पोराला शिकायचं होतं, पण घरी तेवढे पैसे नव्हते. मग तोही वडिलांच्या कामाला लागला. हात मात्र चित्रकाराचा होता, त्यामुळे खोगिरावरून तो घोडागाड्यांच्या डिझाइनकडे वळला. त्या काळी श्रीमंतांची बग्गी म्हणजे आजची लक्झरी कार. तिचे नकाशे काढणं हा स्वतंत्र धंदा होता आणि त्यात पैसाही होता. काम शिकत शिकत तो पॅरिसला पोहोचला आणि १७८० च्या दशकात लंडनला.

लंडनमध्ये त्याचं नाव लवकर झालं. १७९० च्या आसपास आयर्लंडच्या राजप्रतिनिधीसाठी जी सोनेरी नक्षीची सरकारी बग्गी बनली, तिचं डिझाइन याचं. एवढं जमल्यावर दुसरा कोणी आयुष्यभर बग्ग्याच काढत बसला असता. हा बसला नाही. १७९५ मध्ये त्याने स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावर चित्रांचं दुकान आणि चित्रकलेचे वर्ग सुरू केले. पुढे त्याच रस्त्यावरच्या मोठ्या जागेत हे दुकान लंडनमधला एक अड्डाच झालं. लोक चित्रं बघायला यायचे, रंग-ब्रश घ्यायचे, गप्पा मारायचे. दुकानात गॅसचे दिवे लावणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत तो होता. १८०९ पासून त्याने एक सचित्र मासिक चालवलं. फॅशन, फर्निचर, कला, बातम्या, सगळं त्यात असायचं, आणि ते जवळपास वीस वर्षं चाललं. तेव्हाचा इन्फ्लुएन्सर म्हणा हवं तर.

कागद आणि कापड पाण्याने भिजू नये यासाठीही त्याने १८०१ मध्ये पेटंट घेतलं होतं. ट्रफाल्गरच्या लढाईत मारल्या गेलेल्या अ‍ॅडमिरल नेल्सनची अंत्ययात्रा जानेवारी १८०६ मध्ये निघाली. तिचा रथही त्याच्याच डिझाइनचा. नेपोलियनच्या युद्धांत सॅक्सनीतली गावंच्या गावं बेचिराख झाली, तेव्हा मायदेशासाठी लंडनमध्ये मदतनिधी उभारायला हाच पुढे होता.

त्याचा एक गुण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दुसऱ्याची चांगली कल्पना त्याला चटकन ओळखता यायची, आणि ती लोकांपर्यंत न्यायची धडपड तो करायचा. म्युनिकच्या सेनेफेल्डरने दगडावरून छापायची पद्धत शोधली होती, म्हणजे शिळाछाप. अ‍ॅकरमनने तिचं लंडनमध्ये बस्तान बसवलं आणि १८१९ मध्ये सेनेफेल्डरचं पुस्तक इंग्रजीत काढलं. हाच शिळाछाप नंतर मुंबईत आला आणि गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून मराठी पंचांगं निघाली.

म्युनिकहून आलेला आस

त्याच म्युनिकमध्ये गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाचा कारागीर होता, तिथल्या राजदरबाराच्या बग्ग्या बनवणारा. त्याला छळणारा प्रश्न आपल्या बंडीवरून छान समजतो.

आपली बंडी दोन चाकांची. आस एकच, आणि दोन्ही चाकं आपापली सुटी फिरतात. बैल वळले की आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, आणि कोणाचं कोणाशी भांडण नाही. पण चार चाकं आली की भानगड सुरू होते. जुन्या बग्गीत पुढचा अख्खा आसच मधल्या खिळ्यावर गोल फिरायचा. ऊस वाहणारी चार चाकांची ट्रॉली पाहिली असेल, तिचा पुढचा भाग अजूनही असाच वळतो. सोपं आहे, मजबूत आहे. पण आस आडवा झाला की पुढचा आधार अरुंद होतो, आणि जोरात वळवलं तर गाडी कलंडते. शिवाय चाक गाडीच्या पोटाखाली शिरतं, म्हणून पुढची चाकं लहान ठेवावी लागतात किंवा गाडी उंच करावी लागते.

लांकेनश्पेर्गरने आस जागेवर पक्का ठेवला आणि त्याच्या दोन टोकांना दोन छोटे वळणारे आस बसवले. म्हणजे वळतात ती फक्त चाकं. आणि खरी मेख पुढे आहे: दोन्ही चाकं सारखी वळवायची नाहीत. आतलं जास्त, बाहेरचं कमी.

का ते आकड्यात बघू. गाडीची पुढची आणि मागची चाकं २.५ मीटर अंतरावर, आणि डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर. मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या गोलावर फिरवायचा आहे. चारही चाकं न घासता लोळायची असतील, तर सगळ्यांच्या आसाच्या रेघा एकाच बिंदूत मिळायला हव्यात, जसे चाकाचे आरे तुंब्यात मिळतात. हिशेब केला की आतलं चाक साधारण ३०.५ अंश वळायला लागतं आणि बाहेरचं २३.५. सात अंशांचा फरक! तोच वळसा ५० मीटरचा असेल, तर फरक ०.१ अंशापेक्षाही कमी. म्हणजे महामार्गाच्या वळणावर हा नियम पाळा की न पाळा, काही बिघडत नाही. पंपावर, गल्लीत, यू-टर्नला मात्र तोच सगळं ठरवतो.

अ‍ॅकरमन बग्गीच्या धंद्यातून आलेला, त्यामुळे यातली हुशारी त्याला लगेच दिसली. लांकेनश्पेर्गरच्या वतीने त्याने इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, क्रमांक ४२१२, तारीख २७ जानेवारी १८१८. आपल्याकडे तेव्हा कोरेगावच्या लढाईला महिनाही झाला नव्हता आणि पेशवाई शेवटचे दिवस मोजत होती. वाशीम आणि बहुतेक वऱ्हाड निजामाकडे होतं.

पेटंट अ‍ॅकरमनच्या नावावर निघालं, आणि नाव तिथेच चिकटलं.

अजून एक हक्कदार आहे. चार्ल्स डार्विनचे आजोबा, इरॅस्मस डार्विन. ते डॉक्टर होते आणि रोग्यांसाठी खराब रस्त्यांवरून सतत घोडागाडीने हिंडायचे. १७५८-५९ च्या सुमारास त्यांनी जवळपास हीच कल्पना काढली, स्वतःच्या गाडीत वापरलीही. पेटंट मात्र घेतलं नाही, आणि मग ती कल्पना त्यांच्या कागदांतच राहिली. माझ्या मते पहिला मान त्यांचा, बाजारात आणायच्या प्रयत्नाचा मान लांकेनश्पेर्गरचा. अ‍ॅकरमनकडे उरते ती फक्त वकिली.

पण ती वकिली त्याने मनापासून केली. १८१९ मध्ये या आसाचे फायदे सांगणारं पुस्तक स्वतः छापलं. गाडी कलंडत नाही, लांबी कमी होते, थोड्या जागेत वळते, सगळं चित्रांसहित. आणि लंडनच्या बग्गीवाल्यांनी काय केलं? पाठ फिरवली. जास्तीचे सांधे, जास्तीचा खर्च, आणि जुनं चाललंय की! शिळाछाप चालला, मासिक चाललं, भेट द्यायच्या छोट्या वार्षिक पुस्तकांची नवी पद्धत त्याने इंग्लंडमध्ये आणली तीही चालली. दक्षिण अमेरिकेसाठी त्याने स्पॅनिश पुस्तकं काढली. आस तेवढा पडून राहिला. १८३० मध्ये त्याला पक्षाघात झाला आणि ३० मार्च १८३४ ला तो गेला. मेला तेव्हा तो ओळखला जायचा चित्रं छापणारा म्हणून. आपलं नाव पुढे प्रत्येक मोटारीच्या पोटात जाऊन बसणार आहे, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

नावाला दुसरा जन्म

घोडे होते तोवर जुना आस चालून गेला, कारण गाडी वळवायचं काम घोडाच करायचा. इंजिन आलं आणि जुना प्रश्न परत दारात उभा राहिला. फ्रान्समध्ये आमेदे बोले याने १८७३ च्या आपल्या वाफेच्या गाडीत चाकं स्वतंत्र वळवली. १८७८ मध्ये शार्ल जांतो याने दांड्यांची अशी जोडणी मांडली, की आतलं चाक आपोआप जास्त वळेल. कार्ल बेंझची १८८६ ची पहिली मोटार तर तीनचाकी होती. पुढे एकच चाक ठेवलं की दोन चाकांचं भांडणच मिटतं. वाशीमच्या अकोला नाक्यावरची ऑटोरिक्षा जागच्या जागी फिरते, तीही त्याच युक्तीवर. बेंझने चार चाकांसाठीचं स्टेअरिंग १८९३ मध्ये आणलं, आणि तिथून पुढे हा नियम गाड्यांच्या हाडात गेला. अल्टो, बोलेरो, ट्रॅक्टर, सगळ्यांत तो कमी-जास्त प्रमाणात आहे.

मग स्पोर्ट्स कारमध्ये काय बिनसलं?

लांकेनश्पेर्गरच्या हिशेबात चाकं लोखंडी धाव लावलेली लाकडी होती आणि वेग घोड्याचा. रबरी टायर वेगळा वागतो. वेगात वळताना तो जिकडे तोंड करतो, बरोबर तिकडेच जात नाही, थोडा तिरका सरकत जातो. या तिरकेपणाला स्लिप अँगल म्हणतात, आणि पकड त्याच्यातूनच येते. आता १२० च्या वेगात गाडी वळली, की वजन बाहेरच्या चाकांवर जातं आणि आतलं चाक हलकं होतं. हलक्या टायरला पूर्ण पकड द्यायला थोडाच तिरकेपणा पुरतो, दाबलेल्याला जास्त लागतो. म्हणजे आतलं चाक उगाच जास्त वळवलं तर वेगात ते नुसतं घासतं आणि तापतं. म्हणून स्पोर्ट्स कारचे इंजिनिअर अ‍ॅकरमन मुद्दाम कमी करतात, दोन्ही चाकं जवळपास सारखी वळवतात. काही रेस कारमध्ये तर उलटंच असतं, बाहेरचं चाक जास्त वळतं.

याची किंमत पंपावर मोजावी लागते. मघाचाच वळसा घ्या. दोन्ही चाकं २७ अंश वळली, तर आतलं साडेतीन अंश कमी पडतं आणि बाहेरचं साडेतीन अंश जास्त होतं. दोन चाकं दोन दिशांना ओढतात. गाडी एक मीटर पुढे गेली, की प्रत्येक टायरला साधारण ६ सेंटिमीटर आडवं सरकावं लागतं. रबर आधी रस्ता धरून ठेवतं, वाकतं, ताण वाढतो, मग एकदम सुटतं, पुन्हा धरतं. तीच ती थड-थड. खडू फळ्यावर चुकीच्या कोनात धरला की रेघ ओढायच्या ऐवजी ठिपके उमटतात ना, तसंच.

साध्या गाडीत अरुंद, मऊ टायर ही चूक पोटात घालतात. स्पोर्ट्स कारचे टायर रुंद, बाजू बुटक्या आणि कडक, सस्पेन्शन ताठ. त्यामुळे धक्का थेट सीटपर्यंत येतो. काहींच्या मागच्या डिफरन्शियललाही चाकांचा वेगफरक कमी करायची सवय असते, ती आणखी भर घालते. थंडीत रबर कडक असतं, तेव्हा हे जास्त जाणवतं. ओल्या रस्त्यावर टायर सहज सरकतो, म्हणून कमी.

आता तुमच्या कामाचं. हॅचबॅकला दिसायला भारी म्हणून फार रुंद टायर टाकलेत आणि वळताना घासल्यासारखं वाटतंय, तर एक कारण हेच असू शकतं, पण टायर आतल्या पत्र्याला लागत नाही ना ते आधी बघा. थारसारख्या गाडीत फोर-बाय-फोर लावून कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळली, तर ते पुढच्या आणि मागच्या आसांचं भांडण. टू-व्हील मोडवर या. ट्रॅक्टरचं डिफरन्शियल लॉक लावून रस्त्यावर वळवायचं नाही, हे तर शेतकऱ्याला सांगायला नको. आणि साध्या गाडीतून स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर वेगाबरोबर वाढणारा कट-कट-कट आवाज आला, तर त्यात अ‍ॅकरमनचा काही संबंध नाही. बहुतेक वेळा सीव्ही जॉइंट गेलेला असतो. गाडी मेकॅनिककडे न्या, आणि जॉइंटवरचं रबरी बूट फाटलंय का ते आधी बघायला सांगा.