डेव्हिड केलिन

डेव्हिड केलिन (२१ मार्च १८८७, मॉस्को – २७ फेब्रुवारी १९६३, केंब्रिज) हे पोलिश वंशाचे ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ, परजीवीशास्त्रज्ञ व जीवरसायनशास्त्रज्ञ होते. पेशीतील श्वसनात भाग घेणाऱ्या सायटोक्रोम या रंगद्रव्यांचा त्यांनी शोध लावला. अधिक काटेकोरपणे सांगायचे तर विस्मृतीत गेलेला शोध पुन्हा प्रकाशात आणून त्याचा अर्थ उलगडून दाखवला. ऑक्सिजनच्या उपलब्धतेनुसार यीस्टची पेशी आपली श्वसनविकरे कशी घडवते, या पुढील काळातील अभ्यासाचा पाया त्यांच्याच निरीक्षणांत आहे.

पूर्वायुष्य

केलिन यांचा जन्म पोलिश ज्यू कुटुंबात झाला. ते लहान असतानाच कुटुंब वॉर्साला परतले. प्रकृती नाजूक असल्याने दहाव्या वर्षापर्यंत त्यांचे शिक्षण घरीच झाले. दम्याने त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही. श्वसनाचे गूढ उकलणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र श्वासासाठी झगडावे लागे. १९०४ मध्ये ते बेल्जियममधील लिएज विद्यापीठात दाखल झाले व तेथून वैद्यकाच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले. एके दिवशी पाऊस आला म्हणून आडोशाला ते एका इमारतीत शिरले. तेथे जीवशास्त्रज्ञ मॉरिस कोलेरी यांचे व्याख्यान चालू होते. ते ऐकून केलिन कोलेरींच्या प्रयोगशाळेत काम करू लागले आणि वैद्यक मागे पडले. गांडुळाच्या शरीरात परजीवी म्हणून वाढणाऱ्या माशीच्या अळीवर त्यांनी तेथे केलेले संशोधन कीटकशास्त्रात आजही मान्यता पावलेले आहे.

१९१५ मध्ये प्रा. जॉर्ज नटॉल यांच्या निमंत्रणावरून ते केंब्रिजला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९३१ मध्ये ते नटॉल यांच्या जागी जीवशास्त्राचे क्विक प्राध्यापक आणि मोल्टेनो संस्थेचे संचालक झाले. या पदांवरून ते १९५२ मध्ये निवृत्त झाले.

सायटोक्रोमचा शोध

या शोधाचा आरंभ रसायनशास्त्रातून झाला नाही, तो एका माशीपासून झाला. गॅस्टेरोफिलस या माशीच्या अळ्या घोड्याच्या जठरात वाढतात. तेथे ऑक्सिजन फार थोडा मिळतो. अळीच्या शरीरात हीमोग्लोबिन असते व त्यामुळे ती लालसर दिसते. अळीची माशी झाल्यावर या हीमोग्लोबिनचे काय होते, असा केलिन यांचा साधा प्रश्न होता. सूक्ष्मदर्शकाला वर्णपटदर्शक जोडून त्यांनी माशीच्या उड्डाणस्नायूंतून येणारा प्रकाश तपासला, तेव्हा त्यांना चार काळे पट्टे दिसले. हे पट्टे हीमोग्लोबिनचे नव्हते. हीमोग्लोबिन नसलेल्या इतर कीटकांतही तेच पट्टे आढळले.

पुढे त्यांनी साध्या बेकरीच्या यीस्टचे पाण्यातील मिश्रण तपासले. त्यातही पट्टे होतेच. नळी हवेसह जोराने हलवली की पट्टे नाहीसे होत आणि ती क्षणभर स्थिर ठेवली की पुन्हा उमटत. पेशी ऑक्सिजन घेते तेव्हा रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण होते. ऑक्सिजन संपला की त्याचे क्षपण होते. जिवंत पेशीचे श्वसन डोळ्यांनी पाहता येते, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे कळले. मिश्रणात सायनाइड मिसळल्यास नळी कितीही हलवली तरी पट्टे जात नसत. सायनाइडने प्राण कसा जातो, याचे उत्तरही येथे मिळत होते. १९२५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केलिन यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले आणि या द्रव्याला सायटोक्रोम, म्हणजे पेशीचा रंग, असे नाव दिले. ते एक द्रव्य नसून ए, बी व सी अशी तीन द्रव्ये आहेत, हेही त्यांनी ओळखले.

जुने साहित्य चाळताना त्यांना असे आढळले की, इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या चार्ल्स मॅकमन यांनी १८८०च्या दशकातच हे पट्टे नोंदवले होते. त्या काळचे ख्यातनाम जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स होप-झायलर यांनी आपण संपादित करीत असलेल्या नियतकालिकातून मॅकमन यांचा दावा खोडून काढला. अधिकारी व्यक्तीचा शब्द प्रमाण मानला गेला आणि मॅकमन १९११ मध्ये उपेक्षितच वारले. केलिन यांनी आपल्या पहिल्याच निबंधात मॅकमन यांना श्रेय दिले. मॅकमन यांचे नाव आज माहीत आहे, ते मुख्यत्वे यामुळेच.

श्वसनशृंखला

पेशीत ऑक्सिजन सक्रिय होतो असे ओटो वारबुर्ग यांचे मत होते, तर हाइनरिख वीलांड यांच्या मते हायड्रोजन सक्रिय होतो. केलिन यांच्या शोधाने दोन्ही बाजू जोडल्या: अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन सायटोक्रोमांच्या साखळीतून पुढे सरकतात आणि अखेरच्या विकरामुळे ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. १९३० मध्ये त्यांनी यीस्टमधून सायटोक्रोम सी वेगळे केले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस एडवर्ड हार्ट्री यांच्यासह त्यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेज या अखेरच्या विकराचे स्वरूप स्पष्ट केले. थॅडियस मान यांच्याबरोबर त्यांनी कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकरात जस्त असते हे दाखवले.

श्वसनविकरावरील कार्यासाठी वारबुर्ग यांना १९३१चे नोबेल पारितोषिक मिळाले. केलिन यांना ते कधीच मिळाले नाही. ही उणीव अनेकांना खटकते. रॉयल सोसायटीने मात्र १९२८ मध्ये त्यांना सदस्यत्व, १९३९ मध्ये रॉयल पदक आणि १९५१ मध्ये कॉप्ली पदक दिले. मॅक्स पेरुट्झ यांच्या हीमोग्लोबिनवरील कामासाठी केलिन यांनी मोल्टेनो संस्थेत जागा दिली होती. पीटर मिचेल यांनी १९७८ मधील आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातच केलिन यांचे नाव घातले. पेशीश्वसनाच्या इतिहासावरील केलिन यांचा अपुरा ग्रंथ त्यांच्या कन्येने पूर्ण केला व तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

यीस्ट, ऑक्सिजन आणि जनुके

हवेत वाढलेल्या यीस्टमध्ये केलिन यांचे चारही पट्टे ठळक दिसतात. हवा वर्ज्य करून वाढवलेल्या यीस्टमध्ये ते दिसत नाहीत. अशी पेशी केवळ किण्वनावर जगते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी व पिओत्र स्लोनिम्स्की यांनी अशा यीस्टला हवा दिली, तेव्हा पेशींची संख्या न वाढताही काही तासांत सायटोक्रोम तयार झाले. म्हणजे ऑक्सिजन श्वसनात केवळ वापरला जात नाही, तर श्वसनाची साधने घडवण्याचा आदेशही त्याच्यामुळेच मिळतो.

हा आदेश जनुकांपर्यंत कसा पोहोचतो, हे केलिन यांच्या मृत्यूनंतर उलगडले. सायटोक्रोमला रंग देणारा लोहयुक्त भाग म्हणजे हीम. तो तयार होण्यासाठी ऑक्सिजन लागतो, म्हणून पेशीतील हीमचे प्रमाण ऑक्सिजनची वर्दी देते. हीम मिळाले की हॅप१ हे प्रथिन सायटोक्रोम सीचे जनुक चालू करते. त्याचबरोबर ते रॉक्स१ या प्रथिनाची निर्मिती वाढवते आणि रॉक्स१ कमी ऑक्सिजनात उपयोगी पडणारी जनुके दाबून ठेवते. सायटोक्रोम ऑक्सिडेजच्या पाचव्या उपघटकाची तर दोन रूपे असून त्यांची जनुकेही दोन आहेत. एक भरपूर हवेत चालू असते, तर दुसरे ऑक्सिजन अत्यल्प उरला की चालू होते आणि त्यापासून बनलेले विकर इलेक्ट्रॉन अधिक वेगाने पुढे पाठवते.